तिकिटांची वही आणि खुर्चीची मुदत



चहाच्या पुड्यातली कुपने, साबणाची वेष्टने, थंड पेयाच्या बाटल्यांची बुचे जमवून त्यांवर एखादा काचेचा पेला किंवा स्टीलची वाटी मिळवल्याचे आठवणाऱ्या बायका आपल्या चाळींतून आजही पुष्कळ सापडतील. आमच्या घरी असा एक पेला होता. पाहुणा आला तरच तो फळीवरून खाली यायचा. रोख पैसे मोजून आणलेल्या भांड्याला घरात तेवढा मान कधी मिळाला नाही. फुकट मिळालेल्या वस्तूची गोडीच वेगळी! पण ती वस्तू खरोखर फुकट होती का? आमच्या आईने हा प्रश्न कधी वाण्याला विचारला नाही आणि वाण्याने तो विचारू दिला नसता.

अमेरिकेत हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर चालला. तिकडे त्याला ट्रेडिंग स्टॅम्प म्हणत. स्पेरी अँड हचिन्सन नावाची कंपनी १८९६ साली निघाली आणि तिची हिरवी तिकिटे पुढे देशभर घराघरांत पोहोचली. दुकानदार ही तिकिटे कंपनीकडून विकत घेई आणि गिऱ्हाइकाला दहा सेंटच्या खरेदीमागे एक या हिशेबाने देई. पोस्टाच्या तिकिटासारखीच ती, मागे डिंक लावलेली. ती घरी नेऊन कंपनीने दिलेल्या वहीत चिकटवायची. बाराशे तिकिटे झाली की वही भरली. भरलेल्या वह्या घेऊन कंपनीच्या केंद्रावर जायचे आणि तेथून वस्तू आणायची. टोस्टरला किती वह्या, दिव्याला किती, पाळण्याला किती, हे सांगणारे चित्रांचे पुस्तक घरोघर असे. बाराशे तिकिटे म्हणजे एकशेवीस डॉलरची खरेदी. १९६० च्या सुमारास कामगाराच्या घरात एवढ्या रकमेचा किराणा भरायला कित्येक आठवडे लागत.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्यांनी ध्यानात घेण्याजोगी. सुरुवातीला ही तिकिटे रोखीने माल घेणाऱ्यासाठी होती. उधारीवर घेणाऱ्याला तिकीट नाही. म्हणजे ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला बक्षीस, आणि ज्याचे नाव वाण्याच्या वहीत लिहिलेले आहे त्याला नुसतेच सामान, भाव मात्र दोघांना सारखाच. पगाराच्या तारखेपर्यंत उधारीवर दिवस काढलेल्या आपल्या आयांना यातली मेख कुणी समजावून सांगायला नको.

मला हे सगळे कळले ते २०१९ साली. त्या वर्षी मी मुलीकडे कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरी सहा महिने राहिले. मुलगी आणि जावई कामावर, नात शाळेत, आणि मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण दिवसभर खिडकीशी. शेजारी एक काळ्या समाजातल्या वृद्ध बाई एकट्याच राहत. ऐंशी कधीच उलटलेली. लहानपणी त्या आईबापांबरोबर लुइझियानातून कामाच्या शोधात इकडे आल्या, रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षे राबल्या. नवरा बंदरात गोदी कामगार होता, तो वारला. मी त्यांना मावशी म्हणू लागले. नातीने त्यांना अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी तो शब्द दोनदा घोळून म्हणून पाहिला आणि पास केला. माझे इंग्रजी पुस्तकी, त्यांचे बोलणे दक्षिणेच्या हेलाचे. शाळेतून आलेली नात मध्ये बसे तेव्हा आमचे सुरळीत चाले.

एकदा त्यांनी खणातून एक अर्धी भरलेली वही काढून दाखवली. त्यांच्या भागात ब्लू चिप नावाच्या कंपनीची निळी तिकिटे चालत. ती कंपनी १९५६ साली कॅलिफोर्नियातच निघालेली. मावशी सांगत होत्या, शनिवारी रात्री मुलांना टेबलाभोवती बसवायचे आणि तिकिटे चिकटवायची. जीभ डिंकाने बधिर होई, मग बशीत ओला स्पंज ठेवायला लागले. धाकटा मुलगा वाकडी चिकटवी म्हणून थोरली त्याला मारी. बैठकीतला पितळी बुडाचा दिवा त्या वह्यांवरच आलेला. साठ वर्षे होत आली, बल्ब बदलले, दिवा तोच. "पगारातून दिवा कधीच आला नसता," त्या म्हणाल्या. "पगाराला शंभर तोंडे होती. या वहीला एकच."

मला हे पटले. हाताशी पैसा राहत नाही अशा घरात बचत करायची तर ती अशीच, पैशाचे रूप नसलेली करावी लागते. भिशी काय, लुगड्याच्या घडीतली नोट काय, प्रकार एकच. तिकडे शाळा आणि चर्चेसुद्धा मिळून तिकिटे जमवीत आणि त्यांवर बस विकत घेत. पेनसिल्व्हेनियातल्या इरी गावच्या मुलांनी तर लाखो तिकिटे गोळा करून आपल्या प्राणिसंग्रहालयासाठी गोरिला आणले! एकट्याची वही भरायला वेळ लागतो, गावाची लवकर भरते.

पण मावशींचा नवरा या तिकिटांवर कायम खार खाऊन असे. तो म्हणे, हे आपलेच पैसे आपल्याला परत देतात, तेसुद्धा वाटखर्च कापून. गोदी कामगाराचा हिशेब चोख होता. दुकानदाराला तिकिटांपायी विक्रीच्या सुमारे दोन टक्के खर्च येई. पहिल्या दुकानदाराने तिकिटे सुरू केली की त्याच्याकडे गर्दी. मग शेजारचाही सुरू करी. सगळ्यांनी सुरू केली की जास्तीचे गिऱ्हाईक कुणालाच नाही, खर्च मात्र सगळ्यांना. तो खर्च शेवटी दुधाच्या आणि पावाच्या भावात शिरे. तिकिटे न जमवणारा म्हाताराही तो भरे, त्याला दिवा मिळत नसे. १९६६ च्या ऑक्टोबरात डेन्व्हर शहरच्या गृहिणी याच कारणाने रस्त्यावर उतरल्या. तिकिटे नकोत, बक्षिसांचे खेळ नकोत, भाव कमी करा, असे म्हणत त्यांनी मोठ्या दुकानांवर बहिष्कार टाकला आणि ते लोण इतर शहरांत गेले. पुढे १९७३ च्या तेलटंचाईत पेट्रोलपंपांनी तिकिटे देणे बंद केले, दुकानेही कमी भावाची जाहिरात करू लागली, आणि हळूहळू हा व्यवहार आटला.

कंपनीची खरी कमाई कशात होती, ते ऐकून मी तर थक्क झाले. दुकानदार तिकिटांचे पैसे आज देई. गिऱ्हाईक वही भरून वस्तू मागायला येई ते महिन्यांनी, वर्षांनी. कित्येक वह्या तर मावशींच्या वहीसारख्या खणातच राहत. तोवर पैसा कंपनीकडे बिनव्याजी पडून. वॉरन बफे या जगप्रसिद्ध धनवंताने आणि त्याच्या जोडीदाराने ही ब्लू चिप कंपनी हाती घेतली ती हे ओळखूनच. त्याच पैशाच्या बळावर १९७२ साली तिने अडीच कोटी डॉलरना सीज कँडीज हा मिठाईचा नावाजलेला कारखाना घेतला. ओकलंडच्या स्वयंपाकघरातली बाई शनिवारी रात्री डिंक चाटत होती, आणि तिच्या न वटवलेल्या वहीवर दुसरा कुणी कारखाना विकत घेत होता. यात बेकायदा काही नाही. मागायला जाल तेव्हा देऊ, हा त्यांचा शब्द खराच होता. फक्त तुम्ही जितक्या उशिरा मागाल तितके त्यांचे भले.

आता या तिकिटांवरून आमचे बोलणे राजकारणावर कसे गेले ते सांगते. दिव्याच्या वर भिंतीवर रॉन डेलम्स यांचे निवडणुकीतले जुने चित्र होते. ते ओकलंडचे काळे खासदार, १९७१ ते १९९८ अशी सत्तावीस वर्षे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात होते. मी सहज म्हणाले, सत्तावीस वर्षे म्हणजे फारच झाली. मावशी ताडकन म्हणाल्या, "माझा नवराही हेच म्हणायचा!"

झाले होते असे की १९९० च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांपुढे एक प्रस्ताव आला. तिकडे कायद्याचा प्रस्ताव थेट जनतेच्या मतालाही टाकता येतो. राज्याच्या विधानसभेत कुणालाही आयुष्यात सहा वर्षांपेक्षा जास्त बसता येऊ नये, वरच्या सभागृहात आठ, असा तो १४० क्रमांकाचा प्रस्ताव. नवऱ्याने बाजूने मत दिले, बायकोने विरोधात. नवरा म्हणाला, वही भरली की दुकानात द्यावी लागते, मग पुढाऱ्याने खुर्ची का देऊ नये? मावशी म्हणाल्या, "शंभर वर्षे त्यांची माणसे बसली तेव्हा कुणाला मुदत आठवली नाही. आमचा माणूस बसला आणि यांना नियम सुचला."

आमचा माणूस म्हणजे विली ब्राऊन. टेक्सासच्या एका खेड्यातला काळा मुलगा, १९५१ साली सान फ्रान्सिस्कोला आला, झाडलोटीची कामे करीत शिकला, वकील झाला, १९६४ साली विधानसभेवर निवडून आला आणि १९८० पासून १९९५ पर्यंत तिचा सभापती राहिला. इतकी वर्षे ते पद कुणीच सांभाळले नव्हते, आणि त्याच्याआधी त्या पदावर काळा माणूस बसलाच नव्हता. प्रस्तावात त्याचे नाव नव्हते, पण रोख कुणावर आहे हे सगळ्या राज्याला ठाऊक होते. ब्राऊन काही साधुसंत नव्हता. धनवंतांच्या देणग्यांचा ओघ त्याच्याकडे असे आणि आपण विधानसभेचे आयातुल्ला आहोत असे तो स्वतःच थट्टेने म्हणे. प्रस्ताव थोड्या मतांनी मंजूर झाला. मावशींच्या घरात त्या रात्री दिवा लवकर मालवला म्हणे, आणि दोघे दोन दिवस एकमेकांशी बोलली नाहीत.

नवरा-बायकोंतले हे भांडण मी इकडे परत आल्यावरही डोक्यात घेऊन फिरते आहे, कारण दोघांच्याही बाजूने साक्षीपुरावा आहे.

नवऱ्याची बाजू आधी घेते. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये समित्यांना फार महत्त्व आहे. कायदा आधी समितीत जातो आणि तेथेच जगतो किंवा मरतो. समितीचा अध्यक्ष कोण? तर अनेक दशके रिवाज असा की ज्याची नोकरी जुनी तो. आपल्याकडे गिरणीत जशी सिनिऑरिटी चाले तशीच. प्रत्येक निवडणूक म्हणजे वहीत एक तिकीट, वही भरली की अध्यक्षपद. मिसिसिपीचे जेम्स ईस्टलँड अशी वही भरून १९५६ साली सिनेटच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष झाले आणि १९७८ पर्यंत राहिले. काळ्यांच्या नागरी हक्कांची विधेयके त्या समितीत गाडली जात. १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये आला तेव्हा या समितीला वळसा घालून तो न्यावा लागला. आणि ईस्टलँड पुन्हा पुन्हा निवडून कसे येत? १९६५ चा मतदान हक्क कायदा होण्यापूर्वी मिसिसिपीत मतदार म्हणून नोंदलेले काळे लोक शंभरात सातसुद्धा नव्हते. ज्यांना मत नव्हते त्यांच्या जिवावर दुसऱ्याची वही भरत होती. तिकिटे न मिळणाऱ्या उधारीवाल्याची गोष्ट ती हीच!

आता मावशींची बाजू. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारविरुद्ध निर्बंध घालावेत म्हणून डेलम्स यांनी १९७२ साली पहिल्यांदा विधेयक आणले. कुणी विचारले नाही. ते पुन्हा आणीत राहिले. १९८६ साली कायदा झाला. तो त्यांच्या मसुद्यापेक्षा सौम्य होता, तरी झाला, आणि अध्यक्ष रेगन यांनी नकाराधिकार वापरला तेव्हा दोन्ही सभागृहांनी तो मोडून काढला. पहिल्या विधेयकापासून चौदा वर्षे. सहा वर्षांची मुदत असती तर डेलम्स १९७७ च्या जानेवारीत घरी गेले असते. बारा वर्षांची असती तरी १९८३ साली. १९९३ साली ते सैन्यविषयक समितीचे अध्यक्ष झाले, ते पद मिळवणारे पहिले काळे गृहस्थ, तेही बावीस वर्षे बसून वही भरली म्हणून. श्रीमंताच्या मुलाला सगळ्या ओळखी घरातच मिळतात, त्याला सहा वर्षे पुरतात. गोदी कामगारांच्या मतांवर आलेल्या माणसाला कोणते दार कुठे आहे हे कळण्यातच पहिली चार वर्षे जातात.

कॅलिफोर्नियातल्या त्या नियमाचे पुढे काय झाले? दोन्ही झाले. जुनी माणसे हटल्यामुळे नव्यांना वाट मिळाली. १९९६ साली क्रूझ बुस्टामांटे हे लॅटिनो गृहस्थ सभापती झाले. २००८ साली कॅरन बास सभापती झाल्या. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याच्या विधिमंडळात त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या काळ्या महिला. पण त्या २००४ साली आलेल्या, २०१० साली मुदत संपून बाहेर. हात बसला न बसला तोच कारभार सोडावा लागला. अशा घाईत जुने अधिकारी आणि धनवंतांचे दलाल यांचेच फावते, कारण त्यांना मुदत नसते. २०१२ साली जनतेनेच नियम बदलून दोन्ही सभागृहे मिळून बारा वर्षे केली. काँग्रेसच्या सभासदांनाही अशी मुदत घालण्याचे नियम तेवीस राज्यांनी केले होते, ते १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द ठरवले. राज्याला हे करायचा अधिकार नाही, त्यासाठी घटनाच बदलावी लागेल, असा निकाल.

राष्ट्राध्यक्षाची गोष्ट निराळी. जॉर्ज वॉशिंग्टन दोन कारकिर्दींनंतर आपण होऊन थांबले आणि पुढे तोच पायंडा पडला. फ्रँकलिन रूझवेल्ट मात्र १९३२ ते १९४४ या काळात चार वेळा निवडून आले. त्यांच्या मृत्यूनंतर घटनेत बाविसावी दुरुस्ती झाली, १९५१ पासून ती लागू आहे. दोनदाच निवडून येता येते, तिसऱ्यांदा नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. फौज, पोलीस आणि खजिना ज्या एका माणसाच्या सहीवर हलतात त्याच्या वहीला शेवटचे पान असलेच पाहिजे, मग तो माणूस कितीही चांगला असो.

आपल्या घटनेत पंतप्रधानाला किंवा मुख्यमंत्र्याला अशी मुदत नाही. राष्ट्रपतीलाही पुन्हा निवडणुकीस उभे राहता येते, पण दोनदा निवडून आलेले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद एकटेच. बाबासाहेबांनी मुदतीचे कलम घातले नाही. त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात इशारा दिला तो मतदाराला: माणूस कितीही थोर असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायांशी वाहू नका, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. म्हणजे वही वटवण्याचे काम त्यांनी आपल्यावरच सोपवले. आपण ते किती केले? दर पाच वर्षांनी नळ, गटार, समाजमंदिराचा पत्रा घेऊन येणाऱ्याला आपण दाता म्हणतो, हार घालतो, आणि ते आपल्याच कराच्या पैशातले आहे हे विसरतो.

तरीही सरसकट मुदतीला माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण माझ्या धाकट्या जावेपाशी आहे. ती मराठवाड्यातल्या आमच्या गावची सरपंच होती, १९९७ ते २००२. जागा आरक्षित म्हणून संधी मिळाली. पहिली दोन वर्षे ग्रामसेवक तिला दप्तर दाखवत नसे. तिसऱ्या वर्षी ती स्वतः पंचायत समितीत जाऊन बसू लागली, चौथ्या वर्षी वस्तीत पाण्याची टाकी आणली, पाचव्या वर्षी रस्त्याचे अंदाजपत्रक वाचता येऊ लागले. आणि चक्रानुक्रमाने आरक्षण दुसऱ्या गावी गेले. जागा खुली झाली की तेथे कोण बसते हे मी सांगायला नको. कुणी तिला मना केले नव्हते, तिची मुदतही ठरलेली नव्हती, पण तिच्यासाठी पाच वर्षे हीच मुदत ठरली. टाकी आहे, रस्ता अजून नाही.

म्हणून मला वाटते की मुदत घालायची ती वरच्या खुर्चीला, समितीच्या अध्यक्षाला, किल्ली ज्याच्या हाती आहे त्याला घालावी. सभागृहात उभे राहून बोलणाऱ्या सभासदाला घालू नये. त्याला काढायचे की ठेवायचे ते लोक मताने ठरवतील. अमेरिकेत १९९५ साली रिपब्लिकन पक्षाने आपल्या प्रतिनिधिगृहातल्या समिती अध्यक्षांना सहा वर्षांची मुदत घातली. दुसऱ्या पक्षातल्या काळ्या सभासदांनी आपल्याकडे तसे करायला पुष्कळदा विरोध केला आहे. आमच्या वह्या आत्ता कुठे भरल्या, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे दुःख मला समजते, मत पटत नाही. सहा वर्षांत किल्ली खाली ठेवावी, बाकावर मात्र बसून राहावे आणि नव्या माणसाला कोणते दार कुठे आहे ते दाखवावे. गोदी कामगार जिवंत असता तर त्याला आणि मावशींना, दोघांनाही मी हेच सांगितले असते. मावशींना सांगितलेच. त्या म्हणाल्या, "तू बोलतेस छान, पण बाकावर बसायला कोण तयार होईल?"

आमच्या भागातल्या एका मंडळाचे अध्यक्ष बावीस वर्षे बदललेले नाहीत. माणूस वाईट नाही. हिशेब मागितला की देतात, पण मागितल्यावर. गेल्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला: अध्यक्ष आणि खजिनदार यांना तीन-तीन वर्षांच्या दोनच टर्म, कार्यकारिणीच्या सभासदांना मुदत नाही. सभेत थोडा वेळ कुणी बोलेना. मग अध्यक्ष स्वतःच म्हणाले, "ताई, ठराव चांगला आहे, पुढच्या सभेत घेऊ." पुढची सभा वर्षावास संपल्यावर आहे. ठराव मी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला आहे. सूचक म्हणून माझी सही झाली आहे, अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे.